रोमन रस्ते, गाडीभाडे आणि कोप्टोसची वाट

प्रश्नाचे तीन भाग आहेत. रोमन रस्ते व्यापारासाठी बांधले गेले होते का, ते दोन हजार वर्षे कशामुळे टिकले, आणि भारताचा माल रोमपर्यंत पोहोचण्यात या रस्त्यांचा वाटा किती होता. माझी सारी नोकरी रस्ते बांधण्यात आणि त्याहून जास्त ते दुरुस्त करण्यात गेली. रोमन रस्त्यांचा अभ्यास ही त्याच कामातून जडलेली सवय आहे. म्हणून मी उत्तर मधल्या भागापासून सुरू करतो, कारण टिकाऊपणाबद्दलचा गैरसमज बाजूला झाल्याशिवाय व्यापाराचा हिशेब नीट मांडता येत नाही.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला रोमन रस्त्याची एक आकृती हमखास पाठ असते. तळाशी मोठे दगड, त्यावर चुन्यात कालवलेली खडी, त्यावर बारीक मिश्रणाचा थर आणि माथ्यावर सांधे घट्ट बसवलेल्या फरशा. खालच्या थरांना अनुक्रमे स्टॅट्यूमेन, रूडस आणि न्यूक्लियस अशी भारदस्त लॅटिन नावे. ही आकृती परीक्षेत काढून मीही गुण मिळवले आहेत. पुढे कळले की व्हिट्रूवियस या रोमन वास्तुविदाने ही नावे रस्त्याबद्दल लिहिलेलीच नाहीत. तो घरातल्या फरसबंदीखालच्या थरांचे वर्णन करत होता. निकोला बेर्जिए या फ्रेंच वकिलाने १६२२ मध्ये ते वर्णन उचलून रस्त्यांना लावले आणि तेव्हापासून ती आकृती पाठ्यपुस्तकांतून फिरत आहे. उत्खननात दिसणारा छेद याहून साधा आणि जागोजागी वेगळा असतो: कुठे दगडाच्या सोलिंगवर, म्हणजे रचलेल्या तळावर, गोटे आणि वाळू, कुठे नुसती मुरमासारखी कुटलेली भर, तर दक्षिण इंग्लंडमधल्या वील्डच्या लोहभट्ट्यांच्या परिसरात चक्क लोखंडाची मळी. जवळ जे मिळेल ते वापरायचे, हा नियम तेव्हाही होता.

ज्या व्हिया आप्पियाचे फोटो सर्वत्र दिसतात, तीसुद्धा सुरुवातीला फरसबंद नव्हती. इ.स.पू. ३१२ मध्ये आप्पियस क्लॉडियसने रोम ते काप्युआ हा सुमारे १९५ किलोमीटरचा रस्ता सुरू केला तेव्हा त्यावर खडीच होती; ज्वालामुखीजन्य काळ्या दगडाची फरसबंदी नंतर टप्प्याटप्प्याने आली, आणि रोमला लागून असलेल्या पहिल्या काही मैलांनाही त्यासाठी जवळजवळ वीस वर्षे थांबावे लागले. शहरांजवळ आणि वर्दळीच्या पट्ट्यात फरशी, बाकी सर्वत्र खडी, असेच चित्र साम्राज्यभर होते. फोटो मात्र फरशीचेच निघतात.

मग टिकले काय? माझ्या मते तीन गोष्टी टिकल्या: आखणी, भराव आणि पाण्याचा निचरा. रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच घ्यायचा, मध्यभागी फुगवटा ठेवायचा, दोन्ही बाजूंना चर खणायचे आणि ते मोकळे ठेवायचे. इ.स. ९५ मध्ये सम्राट डोमिशियनने बांधवलेल्या रस्त्याचे वर्णन स्टेशियस या कवीने केले आहे. त्यात आधी चर आखणे, मग माती उकरून दुसऱ्या भरावाने पोट भरणे, कडेचे दगड ठोकून रस्ता दोन्हीकडून आवळणे, असा क्रम येतो. कवीने लिहिलेला असला तरी कामाचा हा क्रम कोणत्याही कनिष्ठ अभियंत्याला ओळखीचा वाटेल. पाणी रस्त्याच्या पोटात शिरू दिले नाही तर निम्मे काम झाले, हे पावसाळ्यात घाटरस्ता सांभाळलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

“रोमन रस्ते दोन हजार वर्षे टिकतात आणि आमचा रस्ता एका पावसाळ्यात उखडतो” हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकून घेतले आहे, आणि त्यातला राग रास्त असला तरी तुलना चुकीची आहे. पाचव्या शतकातल्या थिओडोशियन संहितेत, म्हणजे रोमन कायद्यांच्या संग्रहात, सरकारी वाहतुकीच्या गाड्यांसाठी भाराची मर्यादा दिलेली आहे: घोड्या-खेचरांच्या जलद गाडीला १,००० रोमन पौंड आणि बैलांच्या जड गाडीला १,५००, म्हणजे अनुक्रमे सुमारे ३३० आणि ४९० किलो. आजच्या मालट्रकच्या एकेका आसावर दहा टनांहून अधिक भार येतो. रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे भार दहापट झाला तर झीज दहा हजारपट होते. आप्पियावरून भरलेल्या डंपरची एक रांग महिनाभर सोडली असती, तर तिचे कौतुक करायला आज फारसे काही उरले नसते.

शिवाय ते रस्ते आपोआप टिकले नाहीत. बेनेव्हेंटमच्या पुढे आप्पियावर सापडलेल्या इ.स. १२३ च्या मैलदगडांवर सम्राट हेड्रियनने नोंदवून ठेवले आहे की १५,७५० पावलांचा, म्हणजे पावणेसोळा रोमन मैलांचा, रस्ता दीर्घकाळाच्या झिजेने नाहीसा झाला होता. तो पुन्हा करण्यासाठी शेजारच्या जमीनमालकांनी ५,६९,१०० सेस्टर्स (रोमन नाणी) दिले आणि सम्राटाने त्यात ११,४७,००० ची भर घातली. एकूण खर्च १७ लाखांवर, मैलाला सुमारे एक लाख नऊ हजार सेस्टर्स. हा १७ लाखांचा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता व्यापार. पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो, की मोठे राजमार्ग व्यापाऱ्यांसाठी बांधले गेले नाहीत. आप्पिया सुरू झाली ती सॅम्नाइट लोकांशी युद्ध चालू असताना, सैन्य आणि रसद काप्युआकडे नेण्यासाठी. उत्तरेकडची फ्लामिनिया, पो नदीच्या खोऱ्यातली एमिलिया, एड्रिअॅटिक किनाऱ्यावरून बायझँटियमकडे जाणारी सुमारे १,१०० किलोमीटरची एग्नाटिया, या साऱ्यांची आखणी पाहिली की जिंकलेला मुलूख ताब्यात ठेवणे हा हेतू उघड दिसतो. रस्ता शक्य तितका सरळ, चढ अनेकदा इतका खडा की लादलेल्या गाडीला जादा बैल जोडावे लागावेत. पायी चालणाऱ्या सैन्याला आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या खेचराला असा चढ चालतो. मालवाहतूक डोळ्यांसमोर ठेवून आखणी करणारा माणूस वळसा पत्करतो, चढ नाही.

वाटेत घोडे बदलण्याची ठाणी आणि मुक्कामाची घरे होती, पण ती सरकारी कामासाठी. आजच्या तुर्कस्तानातल्या सागालासोस इथे सापडलेल्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या शिलालेखात तिथल्या रोमन अधिकाऱ्याने गावकऱ्यांवरचे वेठीचे ओझे मोजून दिले आहे: अमुक गाड्या, अमुक खेचरे, अमुक दर. त्यात तो बजावतो, की स्वतःच्या फायद्यासाठी धान्य किंवा तत्सम माल नेणाऱ्याला यातले काही देऊ नये. व्यापाऱ्याला रस्ता मोकळा होता; गाडी, जनावर आणि चारा त्याचा त्याने पाहायचा.

तो खर्च किती होता? इ.स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने कमाल दरांचा हुकूम काढला, त्यात वाहतुकीचेही दर आहेत. शासकीय दरसूचीवरून बाजारभाव ओळखू नये हे मला अनुभवाने ठाऊक आहे, तरीही दरांचे आपसांतले प्रमाण बरेच सांगून जाते. १,२०० पौंड माल भरलेल्या गाडीला मैलामागे २० डेनारी (हेही रोमन नाणे). गव्हाचे माप १०० डेनारींना. मापाचा अंदाज कसाही धरला तरी गाडीभर गव्हाची किंमत दोनशे ते तीनशे मैलांत केवळ भाड्यापोटी दुप्पट होते. याच हुकुमात अलेक्झांड्रियाहून रोमपर्यंत समुद्रमार्गे एका मापाचे भाडे १६ डेनारी आहे. तितक्या पैशांत गाडीने ते माप ३० ते ५० मैल गेले असते. भूमध्य समुद्राची एक बाजू ते दुसरी बाजू, आणि पुणे ते लोणावळ्यासारखा एक टप्पा, यांचा खर्च सारखा!

म्हणून गहू, तेल, दारू, इमारतीचा दगड असा वजनाच्या मानाने स्वस्त माल पाण्यावरून जात असे. रोममध्ये मोंते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे आणि ती संपूर्ण फुटक्या रांजणांची आहे. त्यातले बहुतेक रांजण दक्षिण स्पेनमधल्या बेटिका प्रांतातून ऑलिव्हचे तेल घेऊन आले. एकेकात सुमारे ७० लिटर तेल मावे. त्या प्रांतातून व्हिया ऑगस्टा हा उत्तम राजमार्ग जात होता, पण तेलाने तो वापरला नाही. तेल ग्वादलकिवीर नदीतून खाली आले, समुद्रावरून इटलीला गेले आणि टायबर नदीतून रोमच्या धक्क्यावर उतरले. ज्यांना रस्ता आणि व्यापार यांचा संबंध सरळ रेषेत जोडायचा असेल त्यांनी ही टेकडी एकदा पाहावी.

मात्र यावरून रस्ते व्यापाराला निरुपयोगी होते असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. रस्त्याची खरी कमाई होती ती दोन पाण्यांच्या मधल्या जोडावर. ऱ्होन आणि सोन या नद्यांनी दक्षिणेतला माल गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, पोटात शिरे. तिथून मोझेल नदी गाठली की ऱ्हाइनकाठच्या छावण्यांपर्यंत पुन्हा पाणीच पाणी. मध्ये राहतो तो जमिनीचा एक पट्टा, आणि तिथे सारा माल गाडीवर आणि जनावरांच्या पाठीवर चढवावा लागे. हा जोड इतका महत्त्वाचा होता, की सम्राट नीरोच्या काळात लुसियस व्हेटस या सेनापतीने सोन आणि मोझेल यांच्यामध्ये कालवा खणायचे मनावर घेतले होते. शेजारच्या प्रांताच्या अधिकाऱ्याने त्याला सम्राटाच्या संशयाची भीती घातली आणि काम राहून गेले. ट्रायरजवळ ईगेल इथे सेकुंडिनी नावाच्या कापडव्यापारी कुटुंबाचा तिसऱ्या शतकातला उंच स्मारकस्तंभ उभा आहे. त्यावर दोरांनी ओढली जाणारी होडी, भरलेली गाडी आणि डोंगर ओलांडणारी ओझ्याची जनावरे असे तिन्ही प्रकार कोरलेले आहेत. एका घराण्याच्या धंद्याला तिन्ही लागत होते.

दुसरा प्रकार वजनाला हलक्या आणि किमतीला भारी मालाचा. डॅन्यूबवरच्या कार्नुंटमपासून एड्रिअॅटिकच्या माथ्यावरच्या आक्विलेयापर्यंतचा रस्ता अंबरसाठी, म्हणजे दागिन्यांत वापरल्या जाणाऱ्या अश्मीभूत राळेसाठी, प्रसिद्ध आहे. बाल्टिक किनाऱ्यावरचे अंबर साम्राज्याबाहेरच्या पायवाटांनी कार्नुंटमला येई, तिथून रोमन रस्त्याने आक्विलेयाच्या कारागिरांकडे जाई. नीरोच्या काळात एका रोमन सरदाराने थेट बाल्टिकपर्यंत जाऊन अंबर आणल्याचे प्लिनी या रोमन लेखकाने लिहिले आहे. कार्नुंटमपासून ते अंतर त्याने सुमारे ६०० मैल दिले आहे. म्हणजे या प्रवासाचा लांब पल्ला असा होता जिथे रोमन रस्ता नव्हताच.

इथून मी त्या वाटेकडे वळतो जी मला सगळ्यांत शिकवणारी वाटते, आणि प्रश्नाचा तिसरा भागही तिथेच सुटतो. नाईल नदीवर कोप्टोस (आजचे किफ्त) नावाचे गाव होते. तिथून पूर्वेचे वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या दोन बंदरांकडे वाटा जात: मिओस होर्मोसला सहा-सात दिवस आणि बेरेनिकेला बारा दिवस. बेरेनिकेचे अंतर प्लिनीने २५७ मैल दिले आहे, म्हणजे सुमारे ३८० किलोमीटर. तो हेही सांगतो की उन्हामुळे बराचसा प्रवास रात्री होई. या वाटांवर फरशी नव्हती, खडी नव्हती. वाळवंटातले दगडधोंडे वेचून कडेला लोटलेले, दिशेसाठी दगडांच्या राशी, आणि साधारण एकेका मजलेवर विहीर. पुढे या विहिरींभोवती तटबंदीची ठाणी उभी राहिली. त्या ठाण्यांच्या उकिरड्यांत सैनिकांनी खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे मोठ्या संख्येने सापडली आहेत, आणि त्यांत युद्धापेक्षा भाजीपाल्याच्या देवाणघेवाणीचा मजकूर जास्त आहे. वाळवंटातल्या चौकीवर मेथीची जुडीसुद्धा पाहुणी असणार.

मिओस होर्मोस नाईलच्या कितीतरी जवळ होते, तरीही व्यापाऱ्यांनी बेरेनिकेचा बारा दिवसांचा खुष्कीचा मार्ग का पत्करला? तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून वाहतो. भारतातून भरून आलेल्या शिडाच्या जहाजाला त्याच्या तोंडावर वर सरकणे महाकठीण. बेरेनिके शेकडो किलोमीटर दक्षिणेला आहे, म्हणून तिथेच माल उतरवून उंटांवर घालणे परवडे. पाणी स्वस्त हा नियम खरा, पण उलट्या वाऱ्यातले पाणी स्वस्त राहत नाही. आणि उंटही महाग नव्हता. डायोक्लेशियनच्या त्याच दरांत ६०० पौंडांच्या उंटाला मैलामागे ८ डेनारी आहेत, म्हणजे एका गाडीचा माल दोन उंटांवर १६ मध्ये जातो, जिथे गाडीला २० पडतात. उंटाला फरशी लागत नाही, पूल लागत नाही, विहीर लागते. ज्याने या वाटेवर विहिरी खणल्या आणि त्यांवर पहारा बसवला, त्याने रस्ता बांधला असेच मी म्हणेन.

या वाटेचा जमाखर्च आपल्याला असाधारण तपशिलात मिळाला आहे. कोप्टोसच्या निकानोर नावाच्या माणसाच्या कुटुंबाचा उंटांवरून मालवाहतुकीचा धंदा होता. पहिल्या शतकातल्या त्यांच्या पावत्या खापरांवर उरल्या आहेत, त्यांत बंदरांकडे जाणारा गहू दिसतो. बंदर वाळवंटात, तेव्हा तिथल्या माणसांचे पोटही याच वाटेवर अवलंबून. इ.स. ९० च्या शिलालेखात कोप्टोसच्या नाक्यावरचे दर आहेत: खलाशाला ५ द्राक्मा (इजिप्तमधले नाणे), जहाजाच्या डोलकाठीला २०, वेश्याव्यवसायासाठी नेल्या जाणाऱ्या बाईला १०८. डोलकाठीसुद्धा उंटांच्या वाटेनेच बंदराला जात होती हे या दरपत्रकातून कळते, आणि ती वळणांवरून कशी नेत असतील याचा विचार माझ्यातल्या अभियंत्याला अजून छळतो.

आता तो १७ लाखांचा आकडा. व्हिएन्नात दुसऱ्या शतकातला एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचा दस्त, आहे. केरळातल्या मुझिरिस बंदराशी होणाऱ्या व्यापारासाठी घेतलेल्या कर्जाचा तो करार आहे. त्यात कर्जदार लिहून देतो, की माल विश्वासू उंटवाल्याच्या हवाली करून, पहाऱ्यात, वाळवंटातून कोप्टोसच्या सरकारी वखारीत नेईन, तिथून नदीने अलेक्झांड्रियाला नेईन आणि चौथाई जकात भरीन. मागच्या बाजूला हर्मापोलोन नावाच्या जहाजावरच्या मालाचा हिशेब आहे: गंगेकडचे जटामांसीचे ६० डबे, हस्तिदंत आणि इतर माल, एकूण मोल किमान ६९ लाख द्राक्मा. इजिप्तचा द्राक्मा रोमच्या सेस्टर्सइतकाच धरला जाई. याची चौथाई १७ लाखांहून थोडी अधिक होते. म्हणजे एका जहाजाच्या मालावरच्या जकातीत हेड्रियनने केलेली आप्पियाची सगळी पावणेसोळा मैलांची दुरुस्ती निघाली असती. आणि भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो, की त्याच्या काळी मिओस होर्मोसहून वर्षाला १२० जहाजे भारताकडे निघत. सारी हर्मापोलोनइतकी भरलेली नसणार, हे धरूनही ही दगड वेचलेली वाट साम्राज्यातल्या कोणत्याही फरसबंद राजमार्गापेक्षा खजिन्याला जास्त मोलाची होती, असे मला वाटते.

या वाटेच्या टोकाला भारत प्रत्यक्ष सापडतो. बेरेनिकेच्या देवळाच्या आवारात भारतीय घडणीच्या एका रांजणात ७.५५ किलो काळी मिरी निघाली. तिथल्या बांधकामांत सागवानाचे वासे आहेत, जुन्या जहाजांतून काढून पुन्हा वापरलेले. अलीकडे तर तिथे बुद्धाची संगमरवरी मूर्तीही मिळाली आहे.

समुद्राच्या अलीकडची बाजूही रस्त्यांचीच आहे, आणि तिथे महाराष्ट्र येतो. पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात बॅरिगाझा, म्हणजे भडोच, या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, यांचा उल्लेख आहे. पैठणचे गोमेदासारखे रंगीत दगड आणि तगरचे तलम व जाडेभरडे कापड गाड्यांवरून, वाट धड नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून, भडोचला येते, असे तो लिहितो. वाट धड नसलेला हे शब्द त्याचे आहेत, आणि रस्त्यांच्या साम्राज्यातून आलेल्या माणसाच्या नजरेला ते साहजिक आहेत. पण माल येत होता, तोही भरपूर.

नकाशा समोर ठेवला की एक शंका येते. पैठणहून भडोचला वीस दिवस गाडी हाकण्यापेक्षा जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण गाठणे कितीतरी जवळचे होते. घाटात गाडी उतरत नाही हे खरे, पण ओझ्याचे बैल उतरतात, आणि त्या घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. ती आडवाट नव्हती. याचे उत्तरही पेरिप्लसमध्येच आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते, पण त्या भागावर दुसऱ्या सत्तेचा अंमल बसल्यावर तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहारा ठेवून भडोचला पाठवली जाऊ लागली. जहाज तिकडे वळले, म्हणून पैठणच्या गाड्याही तिकडे वळल्या.